रंगमंचावरील ‘मी’ कोणाचा? : विठाबाई नारायणगावकर आणि मराठी समीक्षा

१

तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांच्याविषयी मराठी सुशिक्षिताला एक गोष्ट हमखास ठाऊक असते. दिवस भरत आलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, खेळ रंगात आला असता कळा सुरू झाल्या, आडोशाला जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत येऊन त्यांनी खेळ पुरा केला. सत्कारसमारंभांतील भाषणांत ही कथा येते, स्मृतिदिनाच्या लेखांत येते, आणि ती ऐकताना सभागृह गहिवरते. मात्र परत आल्यावर विठाबाईंनी सादर काय केले, हे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. लावणी की वगातला प्रवेश? कोणत्या पट्टीत? ढोलकीवाल्याने लय धरून ठेवली की उतरवली? आख्यायिकेला बाळंतपण आठवते, गाणे आठवत नाही. एका थोर गायिका-नर्तिकेविषयी सांगितल्या जाणाऱ्या सर्वांत प्रसिद्ध कथेत तिचे गाणे आणि नाचणे हाच भाग कोरा राहावा, यातच मराठी समीक्षाव्यवहाराचे एक दुखणे दडलेले आहे.

प्रस्तुत लेखाचा रोख या घटनेच्या खरेखोटेपणावर नाही, आणि ज्या बाईने ते सोसले तिच्या धैर्याविषयी शंका घेण्याचा करंटेपणाही येथे करावयाचा नाही. रोख आहे तो एका घटनेला कित्येक दशकांच्या कलाव्यवहाराच्या जागी बसविण्याच्या आपल्या सवयीवर. ही सवय निरागस नव्हे. नाचणारी बाई पांढरपेशा मनाला पचत नाही, प्रसववेदना सोसणारी माता मात्र सहज पचते. आख्यायिका पहिलीचे रूपांतर दुसरीत करून देते, आणि मग तमाशाच्या कनातीत कधीही पाऊल न टाकलेला श्रोताही निर्धास्तपणे हात जोडू शकतो. दुसरे असे की, ज्याला आपण निष्ठा म्हणून गौरवितो ती श्रमाची एक निर्घृण अट होती. खेळ थांबवता येत नव्हता, कारण तिकीट काढून बसलेला जमाव थांबू देणार नव्हता आणि थांबलेल्या खेळाचे पैसे मिळणार नव्हते. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याच्या कक्षेत १९७३ च्या दुरुस्तीने घोड्यांचे खेळ, कसरती आणि ‘इतर प्रयोग’ करणाऱ्या आस्थापनाही आल्या होत्या. या ‘इतरां’त तमाशाचा फड बसत होता की नव्हता, हा प्रश्न गहिवरणाऱ्या भाषणांतून कधी ऐकू आला नाही. गहिवराला असे प्रश्न अडचणीचे वाटतात.

२

या आख्यायिकेशेजारी दुसरी एक आख्यायिका ठेवून पाहावी. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या लहान मुलीचा मृत्यू झाला होता, आणि तरीही ते भामिनीच्या भूमिकेत उभे राहिले. दोन्ही कथांची घडण एकच आहे. एकीकडे अपत्य, दुसरीकडे प्रेक्षक आणि मध्ये उभा असलेला कलावंत. परंतु त्यांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. बालगंधर्वांच्या बाबतीत ही कथा अनेकांपैकी एक होऊन राहिली. तिच्या अवतीभवती त्यांच्या गायनाची, गोविंदराव टेंबे यांनी बांधलेल्या चालींची, पदातील शब्द टाकण्याच्या लकबीची, नेसण्याची, चालण्याची, लाजण्याची केवढी तरी चर्चा झाली. त्यांच्या वेशभूषेचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत, हेही आपण त्यांच्या कलेचेच यश म्हणून नोंदविले. विठाबाईंच्या बाबतीत मात्र आख्यायिकेच्या अवतीभवती तसे काही उभे राहिले नाही. ती एकटीच उरली आणि तिनेच सारी जागा व्यापली.

हा फरक कशामुळे पडला? संगीत नाटक प्रतिष्ठित आणि तमाशा अप्रतिष्ठित, हे उत्तर खरे आहे. पण ते पुरेसे नाही. खरी गोम अशी की, पुरुषाने उभी केलेली स्त्री आपण कला मानतो आणि स्त्रीने उभी केलेली स्त्री आपण स्वभाव मानतो. बालगंधर्वांची भामिनी ही निर्मिती ठरते, कारण नारायण श्रीपाद राजहंस नावाचा पुरुष आणि भामिनी यांच्यात अंतर आहे आणि ते अंतर डोळ्यांना दिसते. विठाबाई आणि बोर्डावरील विठाबाई यांच्यातही अंतर आहे, परंतु ते पाहण्याची इच्छा आपल्याला नाही. म्हणून पहिल्याच्या संदर्भात अभिनय, साधना, संस्कार हे शब्द येतात आणि दुसरीच्या संदर्भात अदा, नखरा, उपजत देणगी हे. ‘तमाशा तिच्या रक्तातच होता’ हे वाक्य तर कौतुकाच्या सुरात उच्चारले जाते. १९३५ साली पंढरपूर येथे जन्मलेल्या विठाबाई भाऊ-बापू नारायणगावकरांच्या फडात वाढल्या. वडील भाऊ, चुलते बापू, आजोबांपासून चालत आलेला फड. अशा घरातील मुलगी कळायला लागल्यापासून ढोलकीचे बोल, झीलकऱ्यांचे सूर, वगातील संवादांची फेक ऐकत आणि गिरवीत असते. ख्यालगायकांच्या घराण्यांत यालाच आपण तालीम म्हणतो. किराणा किंवा जयपूर घराण्यात जी तालीम, तेच फडात रक्त कसे होते? जातीने लादलेल्या व्यवसायाला निसर्गाचे नाव देण्याची ही जुनीच युक्ती आहे, आणि समीक्षेने ती उघड करावयाची, की तिचीच भाषा बोलावयाची?

३

हा प्रश्न मूलतः वाङ्मयीन आहे, कारण तो प्रथमपुरुषी निवेदनाचा आहे. उस्मानपुऱ्यातील महापालिकेच्या नाट्यगृहाला संत एकनाथांचे नाव आहे, आणि रंगमंचाला हे नाव शोभून दिसते. पैठणच्या या ब्राह्मण संतकवीने आपल्या भारुडांत आणि गवळणींत किती वेश घेतले! कधी तो गौळण झाला, कधी वेडी, कधी भुत्या, आणि ‘जोहार’ रचनांत तर तो महाराच्या तोंडाने बोलला. या ‘मी’ला आपण कवीचे आत्मचरित्र समजत नाही. शाळकरी विद्यार्थ्यालाही तेथे रूपक दिसते, वेश दिसतो, वेशाच्या आडून केलेला उपदेश दिसतो. पुढे राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ यांनी लावणीत स्त्रीचा ‘मी’ बोलता केला. विरहिणी, नवोढा, रुसलेली, संतापलेली अशी त्या ‘मी’ची कितीतरी रूपे पुरुषांनीच रचली. तेथेही आपली समीक्षा शाहिराला त्याच्या नायिकेपासून व्यवस्थित वेगळे काढते आणि त्याच्या प्रतिभेला स्त्रीमनाची जाण असल्याचे प्रशस्तिपत्र देते.

हाच ‘मी’ जेव्हा प्रत्यक्ष स्त्रीच्या कंठातून येतो, तेव्हा मात्र आपली सारी निवेदनमीमांसा गळून पडते. आता ‘मी’ म्हणजे ती बाईच. लावणीतील आमंत्रण हे तिचेच आमंत्रण, लावणीतील लाज आणि निर्लज्जपणा हेही तिचेच. कनातीतला प्रेक्षक असे समजला तर तो त्याच्या अज्ञानाचा आणि वासनेचा भाग म्हणता येईल. परंतु संहिता, निवेदक आणि लेखक यांची फोड करण्यात ज्यांची हयात गेली त्यांनीही तसेच समजावे, हे कसे क्षम्य मानावे? रचना शाहिराची, चाल फडाची, वेश रूढीचा, ढोलकी दुसऱ्याची. या सर्वांना एकत्र आणून हजारो माणसांसमोर जी एक बाई उभी राहते तिचे कर्तृत्व नेमके कोठे आहे, हा प्रयोगमीमांसेतील अत्यंत अवघड आणि म्हणूनच मोलाचा प्रश्न आहे. आपण तो विचारलाच नाही, कारण उत्तर आधीच ठरलेले होते: तिचे शरीर.

४

विठाबाईंच्या रंगमंचीय ‘मी’चे वाचन करावयाचे तर आरंभ नावापासून करावा लागेल. फलकावर नाव असे ते ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ आणि पुढे ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’. त्या नावात बाप आहे, जात आहे, गाव आहे. नवरा नाही. पवळा हिवरगावकर, यमुनाबाई वाईकर, गुलाबबाई संगमनेरकर, कांताबाई सातारकर ही सारी नावे याच तऱ्हेची आहेत. नवऱ्याच्या आडनावाची जागा गावाने घेतली आहे. गावोगाव हिंडणाऱ्या बाईने गावाचे नाव लावावे, यातली विसंगती अर्थपूर्ण आहे. ‘मांग’ हा शब्द तर एकाच वेळी अपमानाची खूण आणि धंद्याची मुद्रा होता. ज्या गावात या माणसांना कोठे उतरता येईल हे जात ठरवीत होती, त्याच गावात ते नाव वाचून लोक बैलगाड्या जुंपून येत. हा ताण त्या फलकावर उघड लिहिलेला असे. महाराष्ट्र शासनाने २००६ पासून तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला तो ‘विठाबाई नारायणगावकर’ या नावाने. बाप गेला, जात गेली, गाव राहिले. जातिवाचक शब्द गाळण्यामागचा हेतू सद्भावनेचा असेल. परंतु गाळलेल्या शब्दाबरोबर त्या नावातील ताणही गेला आणि उरले ते एक सोज्वळ, कोणालाही अडचण न होणारे नाव, हे ध्यानात घेतले पाहिजे.

नावानंतर प्रवेश. पारंपरिक तमाशात स्त्री कलावंत पदर डोक्यावरून दोन्ही हातांनी धरून पाठमोरी येते. ज्या जमावाने तिला पाहण्यासाठी पैसे मोजले त्या जमावाला ती प्रथम पाठ दाखविते. चाळांचा आवाज पोहोचलेला असतो, चेहरा पोहोचलेला नसतो. पाहण्याचा हक्क विकत घेतलेल्यांना थांबायला लावण्याचा अधिकार या एका संकेताने तिच्या हाती येतो. आपल्या नाट्यसमीक्षेने ब्रेख्तच्या दुरावातंत्राची जेवढी चर्चा केली तिच्या दशांशाने जरी या पाठमोऱ्या प्रवेशाची केली असती, तर ‘प्रेक्षकाची नजर’ हा विषय बाहेरून आयात करावा लागला नसता.

मग आवाज. ढोलकी, हलगी, तुणतुणे, कडे आणि मागे टिपेला झील ओढणारे झीलकरी, समोर शिट्ट्या आणि आरोळ्या. या सर्वांवर मात करून शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोहोचवावयाचा. असा आवाज मधाळ असून भागत नाही. त्याला धार लागते, आणि धार राखून रात्रभर टिकण्यासाठी श्वासाची विलक्षण काटकसर लागते. रोलां बार्थने १९७२ साली आवाजाच्या पोताविषयी जो निबंध लिहिला त्यात सुरेल आणि भावपूर्ण गायनाच्या रूढ प्रशंसेला छेद देऊन गाणाऱ्या शरीराची भाषेतील खूण कोणती, असा प्रश्न उपस्थित केला होता. आमच्याकडे बार्थ पुष्कळ वाचला गेला, परंतु ‘लेखकाचा मृत्यू’ साजरा करण्यासाठी. ज्या कलावंताला लेखकपण कधी मिळालेच नाही तिच्या कंठाच्या पोताकडे कान देण्यासाठी त्याचा उपयोग करावा, हे आम्हांला सुचले नाही.

आणि मग एका रात्रीतील अनेक ‘मी’. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, वग असा खेळाचा क्रम असतो. गवळणीत कृष्णाला अडविणारी गौळण, रंगबाजीत लावणी खेळविणारी नर्तिका, वगात राणी किंवा घर सोडावे लागलेली लेक, आणि खेळ उठल्यावर हिशेबाला बसणारी फडाची मालकीण. यांपैकी खरी विठाबाई कोणती, असा प्रश्न विचारणेच चूक आहे. खरी विठाबाई म्हणजे या भूमिकांमधील प्रवास एका रात्रीत, एका शरीराने, त्याच जमावासमोर करण्याचे कौशल्य. ज्या प्रेक्षकाने तासाभरापूर्वी दौलतजादा केला त्याच प्रेक्षकाला वगात रडविणे म्हणजे त्याने विकत घेतलेल्या प्रतिमेतून त्याच्यादेखत निसटून जाणे होय.

उपजीविकेसाठी आपण नाचतो, लोकापवादाची तमा बाळगत नाही, असे सांगणारी एक लावणी विठाबाईंच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे. ती नेहमी कबुलीजबाब म्हणून ऐकली जाते: बिचारीला पोटासाठी नाचावे लागले. परंतु ती बोर्डावरून, नाचता नाचता, पैसे फेकणाऱ्यांना उद्देशून म्हटली जाते हे विसरले की तिचा अर्थच उलटा होतो. शृंगाराचा सौदा ज्या भ्रमावर चालतो तो भ्रम असा की, समोरच्या बाईला आपली ओढ आहे. हे पोटाचे काम आहे, असे ती ठणकावून सांगते तेव्हा ग्राहकाच्या हातातून तो भ्रम काढून घेते. करुणा मागण्याचा तो सूर नव्हे. रंगमंचीय ‘मी’ची ही एक अत्यंत सावध आणि आक्रमक मांडणी आहे. तिच्यात दैन्य तेवढे ऐकणाऱ्या समीक्षेचे कान तपासले पाहिजेत.

५

येथे थोडे बाहेर पाहणे उपयुक्त ठरेल. ढोलकी-फडाच्या तमाशाशी स्वभावाने जवळची अशी आधुनिक पाश्चात्त्य रंगघटना म्हणजे रॉक संगीत. फिरता ताफा, उघड्यावरचा जमाव, ताणून फाटण्याच्या सीमेवर नेलेला आवाज, आणि गाणारीच्या खाजगी आयुष्याविषयी जमावाला वाटणारी अनावर मालकी. जॅनिस जॉप्लिन १९६७ च्या जूनमध्ये माँटेरी येथील महोत्सवात गायली आणि एकदम प्रसिद्धीस आली. ४ ऑक्टोबर १९७० रोजी अमली पदार्थाच्या अतिसेवनाने ती मरण पावली तेव्हा तिचे वय अवघे सत्तावीस होते. तिच्याही वाट्याला आख्यायिका आली: मद्याची बाटली, फाटके आयुष्य, अकाली मृत्यू. तेथेही कलावंत बाईचे शरीरच आधी बोलले गेले. परंतु तेथे एलेन विलिससारखी समीक्षक उभी राहिली. ‘न्यू यॉर्कर’मध्ये १९६८ ते १९७५ या काळात रॉक संगीतावर लिहिणाऱ्या या बाईने जॉप्लिनचा आवाज, तिने रंगमंचावर रचलेले व्यक्तिमत्त्व आणि साठीच्या दशकातील स्त्रीची कोंडी यांचा एकत्र विचार केला. जॉप्लिनने स्वतःला घडविले, ती नुसती घडली नाही, हे गृहीत धरूनच तिच्याविषयी बोलता येईल, अशी बैठक अशा लेखनाने तयार केली. आख्यायिका पुसली गेली नाही. पण तिला उत्तर देणारे काहीतरी शिल्लक राहिले.

ही तुलना येथेच थांबविली तर मात्र ती फसवी ठरेल. माँटेरी येथे जॉप्लिन ज्या गाण्याने गाजली ते ‘बॉल अँड चेन’ विली मे थॉर्नटन या कृष्णवर्णी गायिकेचे होते. याच थॉर्नटनचे ‘हाउंड डॉग’ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९५६ मध्ये एल्विस प्रेस्लीने गाऊन जगभर नेले. म्हणजे विठाबाईंची खरी समदुःखी जॉप्लिन नसून थॉर्नटन आहे, आणि आमच्याकडील जॉप्लिन-प्रेस्लींचा शोध मराठी बोलपटात घ्यावा लागेल. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’पासून १९७२ च्या ‘पिंजरा’पर्यंत तमाशापटांनी फडाची ढोलकी, पाठमोरा प्रवेश, नऊवारीचा डौल हे सारे उचलले आणि ध्वनिमुद्रणगृहातील तालेवार गळ्यांकरवी ते माजघरात पोहोचविले. त्यांतील संगीताची गुणवत्ता निर्विवाद आहे. सुलोचना चव्हाण यांनी लावणी कशी गायली याविषयी आदर बाळगूनच हे म्हणावयाचे आहे. प्रश्न श्रेयाच्या वाटणीचा आहे. ‘पिंजरा’ हा हाइन्रिख मानच्या कादंबरीवरून निघालेल्या ‘ब्लू एंजल’ या जर्मन बोलपटावर बेतलेला. त्यात नाचणारी बाई ही एका मास्तरच्या नीतिमत्तेची परीक्षा म्हणून अवतरते. तिची शोकांतिका अशी नाहीच, शोकांतिका मास्तरची. मराठी मध्यमवर्गाने तमाशातील बाईला ज्या आरशात पाहिले तो आरसा हा आहे.

प्रयोगशील रंगभूमीने तरी वेगळे काय केले? अण्णा भाऊ साठे यांनी तमाशाला लोकनाट्याचे रूप देऊन त्यातून कामगाराची भाषा बोलविली, हे ऐतिहासिक कार्य होते. परंतु गवळण गळाली तेव्हा तिच्याबरोबर स्त्री कलावंताची जागाही आकसली, हेही त्याच इतिहासाचे दुसरे पान आहे. पुढे ‘विच्छा माझी पुरी करा’, ‘घाशीराम कोतवाल’, ‘तीन पैशाचा तमाशा’ या नाटकांनी तमाशाचे घटक वापरले आणि त्यांवर टीकालेखनाचा पूर आला. घटकांचे स्वागत झाले, घटक ज्यांनी जिवंत ठेवले त्यांचे नाही. देशीवादाच्या वादंगात मौखिक परंपरेचा जयजयकार झाला, पण त्यातही परंपरा गौरविली गेली ती सामूहिक, निनावी, ‘लोकां’ची म्हणून. ज्या कलावंताचे नाव फलकावर ठळक अक्षरांत छापले जात होते तिला निनावी लोकांत ढकलणे, हा गौरव कसा म्हणावा?

६

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात, आणि त्यांतील पहिला गंभीर आहे. तमाशा ही जातिव्यवस्थेने दलित स्त्रियांच्या शरीरावर उभारलेली संस्था आहे. तिच्या कलात्मकतेचे गोडवे गाणे म्हणजे शोषणावर रंगसफेदी करणे होय. आंबेडकरी जलशांनी तमाशाच्या शृंगाराकडे पाठ फिरविली ती याच जाणिवेतून. शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्ये लावणी कलावंतांच्या लैंगिकतेवरील वर्चस्वाची चिकित्सा केली आणि शैलजा पाईक यांनी २०२२ च्या आपल्या ग्रंथात तमाशा, जात आणि माणुसकीचा दावा यांचा संबंध तपशिलाने मांडला. या अभ्यासांनी जे दाखविले त्याला वळसा घालून विठाबाईंविषयी काही बोलणे आता प्रामाणिकपणाचे होणार नाही.

तथापि या चिकित्सेतून काही जण जो निष्कर्ष काढतात तो मान्य होण्यासारखा नाही. विठाबाई व्यवस्थेच्या बळी होत्या, म्हणून त्यांच्याविषयी बोलण्यासारखे तेवढेच आहे, असे म्हटले की शोषणाचा सिद्धांत आणि बाळंतपणाची आख्यायिका एकाच ठिकाणी येऊन थांबतात. दोन्हींत बाई सोसते. करीत काहीच नाही. अँजेला डेव्हिस यांनी १९९८ मध्ये मा रेनी, बेसी स्मिथ आणि बिली हॉलिडे यांच्या गायनात कष्टकरी कृष्णवर्णी स्त्रियांची जाणीव वाचून दाखविली, तेव्हा त्यांनी वर्णद्वेषाचे समर्थन केले असे कोणी म्हणाले नाही. व्यवस्थेने ज्यांना दुसरा मार्ग ठेवला नव्हता त्यांनी त्या मार्गावर काय घडविले, हे पाहणे म्हणजे व्यवस्थेला क्षमा करणे नव्हे. उलट, एवढी कर्तबगारी असलेल्या बाईला अखेरच्या दिवसांत ओढग्रस्तीत राहावे लागले याचा जाब अधिक कठोरपणे विचारता येतो. राष्ट्रपतींच्या हस्ते १९५७ आणि १९९० असा दोनदा गौरव झालेल्या कलावंताचा १५ जानेवारी २००२ रोजी मृत्यू झाला तेव्हा हळहळ पुष्कळ व्यक्त झाली. परंतु सम्राज्ञी म्हणावयाचे आणि औषधपाण्याची चिंता तिच्यावरच सोडावयाची, या व्यवहारात हळहळ ही सर्वांत स्वस्त वस्तू असते.

दुसरा आक्षेप साधनांचा. विठाबाईंचे प्रयोग आज पाहावयास मिळत नाहीत, मग वाचन कशाचे करावयाचे? हा आक्षेप बालगंधर्वांच्या भामिनीच्या वेळी कोणी घेतला नाही. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत, पण चालणे, वळणे, पाहणे हे सारे आपण प्रेक्षकांच्या आठवणींवरूनच जुळविले. गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट तर केवळ आठवणींवरच उभा आहे. साधने आपोआप शिल्लक राहत नसतात. जे महत्त्वाचे वाटते त्याची आपण नोंद करतो, आणि नोंद नसल्यामुळे ते महत्त्वाचे नव्हते असे पुढे म्हणू लागतो. तमाशाच्या बाबतीत तर शासनाच्या नोंदी अधिक सापडतील. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई राज्यात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली, मग तमाशा सुधार समिती आली, आणि पुढे संहिता तपासणारी आणि परवाना देणारी यंत्रणा. विठाबाईंचे घडणीचे वय नेमके याच काळात गेले. म्हणजे संहिता तपासून घेतलेली आणि प्रयोगात जे काही घडवायचे ते आवाजाने, नजरेने आणि वळणाने घडवायचे, अशा कोंडीत त्यांची कला वाढली. कागदावरच्या वगात जे सापडणार नाही तेच येथे मुख्य आहे. संहितेलाच साहित्य मानणाऱ्या समीक्षेला म्हणूनच विठाबाई दिसल्या नाहीत.

७

योगिराज बागूल यांनी विठाबाईंचे चरित्र लिहून एक मोठे काम केले आहे. चरित्राने आयुष्य सांगितले. आता कलेचे वाचन झाले पाहिजे, आणि ते काम समीक्षेचे आहे. मराठवाड्याला ते अशक्य नाही. येथील विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात रुस्तुम अचलखांब यांच्यासारखा तमाशाचा जाणकार होऊन गेला, त्यांचे ‘तमाशा लोकरंगभूमी’ हे पुस्तक आहे. प्रभाकर मांडे यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला येथेच बैठक दिली. या पूर्वसूरींच्या कामाला पुढची पायरी जोडायची तर लोकपरंपरेकडून एकेका कलावंताकडे आणि संहितेकडून एकेका प्रयोगाकडे वळावे लागेल. चैत्रातील जत्रांच्या सुपाऱ्या ठरविण्यासाठी नारायणगावात तमाशा मंडळांच्या राहुट्या पडतात. तेथे आणि गावोगावच्या फडांत विठाबाईंच्या मागे झील धरलेली, ढोलकी वाजविलेली, बतावणीत त्यांच्याशी सवाल-जबाब केलेली माणसे अद्याप भेटू शकतात. ती थकली आहेत, दरवर्षी कमी होत आहेत. त्यांना बाळंतपणाची कथा पुन्हा सांगावयास लावण्यासाठी कोणी जाऊ नये. त्यांना विचारावे की, बाई कोणत्या पट्टीत गात असत, सम कशी गाठीत, कोणत्या गावच्या प्रेक्षकापुढे कोणती लावणी टाळीत आणि का, वगात रडावयाच्या जागी त्या पाठ फिरवीत की समोर येत, आणि दौलतजादा करणाऱ्याने मर्यादा ओलांडली तर कोणत्या शब्दाने त्याला बसवीत.

या प्रश्नांची उत्तरे मिळतील त्या प्रमाणात विठाबाईंविषयीचे आपले बोलणे समीक्षा या नावाला पात्र होईल. तोपर्यंत निदान एक करावे. त्यांचे नाव घ्यावयाचे तेव्हा फलकावर होते तसे पूर्ण घ्यावे, आणि व्यासपीठावरून बाळंतपणाची कथा सुरू होईल तेव्हा सभेतून कोणीतरी उठून विचारावे: परत आल्यावर त्या काय गायल्या?